उपाशीपोटीची साखर

"ताई, आमच्या घरात चहात टाकायला साखर नसते कधी कधी, अन् हिच्या रक्तात एवढी कुठून आली?"

मंठा तालुक्यातल्या एका वस्तीवर एका सासूबाईंनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यांची सून तेवीस वर्षांची, वजन छत्तीस किलो. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची आणि पाडव्याच्या आसपास परतायची. त्या वर्षी आली ती पार वाळून. रात्रीतून सात-आठ वेळा लघवीला उठायची, तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, पायात गोळे यायचे. सगळ्यांना आधी वाटलं, टीबी असेल. थुंकी तपासली, एक्स-रे काढला, काही निघालं नाही. मग कुणी म्हणालं, अंगात रक्त नाही. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. दोन महिने सलाईन लावण्यात आणि उतारे टाकण्यात गेले. शेवटी एका दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर चारशेच्या वर!

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सुई टोचायला शिकवलं, पण टोचल्यावर वेळेवर खायलाच हवं हे तिला नीट कळलं नाही. कळलं असतं तरी काय? सकाळी कोरा चहा पिऊन ती दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. एके दिवशी घाम फुटला, हातपाय कापायला लागले आणि ती सरीतच कोसळली. बायकांनी गूळ चारला म्हणून वाचली. घरात ठरलं की सुईनंच असं झालं. सुई बंद. वरून कुणी तरी सांगितलं, "एकदा इन्सुलिन लागलं की माणूस संपलं."

त्या मुलीचं नाव मी इथे देत नाही. तिला नेमका कोणता मधुमेह आहे हेही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. मी बी.ए. झालेली, घर सांभाळून बचत गटांचं काम बघणारी बाई. पण सासूबाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेले. तेव्हा कळलं की हाच प्रश्न जगभरातले मोठमोठे डॉक्टर सत्तर वर्षं एकमेकांना विचारत आहेत आणि २०२५ साली कुठे त्याला एक नाव मिळालंय.

टाइप वन, टाइप टू आणि मधले हरवलेले

मधुमेहाचे दोन प्रकार आपल्याला ऐकून माहीत असतात. टाइप वन बहुतेक करून लहान वयात होतो. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. टाइप टू बहुधा मोठ्या वयात, पोट सुटलेल्यांना होतो. त्यात इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. म्हणून आपल्या मनात मधुमेही म्हणजे कोण? एक तर शाळेत डबा आणि सुई घेऊन जाणारं मूल, नाही तर सकाळी बूट घालून फिरायला निघालेले काका. ऊसतोडीला जाणारी छत्तीस किलोची सून या चित्रात कुठेच बसत नाही.

पण अशी माणसं होती. १९५५ साली ह्यू-जोन्स नावाच्या डॉक्टरांनी जमैका बेटावरचे काही रुग्ण नोंदवले. ते तरुण होते, हडकुळे होते, साखर खूप वाढलेली. टाइप वनच्या रुग्णाचं इन्सुलिन थांबलं तर रक्तात आम्ल साठून तो काही दिवसांत बेशुद्ध पडतो. या रुग्णांचं सहसा तसं होत नव्हतं. पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांतून, इंडोनेशियातून आणि आपल्या केरळ-ओडिशातूनही असे रुग्ण दिसल्याचे अहवाल आले. सगळीकडे गरिबी आणि लहानपणापासूनची उपासमार हे समान सूत्र होतं. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं 'कुपोषणाशी निगडित मधुमेह' असा वेगळा प्रकार मान्यही केला.

आणि १९९९ साली तो यादीतून काढून टाकला. कारण काय, तर कुपोषणामुळेच मधुमेह होतो याचा पुरेसा पुरावा नाही. शास्त्राच्या शिस्तीत ते कदाचित योग्यही असेल. पुराव्याशिवाय नाव देऊ नये. पण मला आपलं साधं वाटतं की पुरावा नसण्याचं एक कारण कुणी तो शोधायला पैसे दिले नाहीत हेही असतं. यादीतून प्रकार गेला आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतून तो जवळपास दिसेनासा झाला. रुग्ण मात्र होते तिथेच राहिले. तरुण आहे म्हणून कुणाला टाइप वन म्हटलं गेलं, कुणाला टाइप टू.

२०२२ साली वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि न्यूयॉर्कचं अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिन यांनी मिळून एक बारकाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी वजनाच्या मधुमेही पुरुषांच्या शरीरात इन्सुलिन किती बनतं आणि ते किती काम करतं हे त्यांनी मोजलं. निघालं ते असं: या माणसांत इन्सुलिन टाइप टूवाल्यांपेक्षा बरंच कमी बनतं, टाइप वनवाल्यांपेक्षा जास्त बनतं आणि जेवढं बनतं त्याला शरीर चांगली दाद देतं. म्हणजे हे दोन्हीहून वेगळंच काही तरी. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची जागतिक परिषद भरली, तिथे या आजाराला 'टाइप फाइव्ह' म्हणून मान्यता देण्यात आली. जगात असे दोन ते अडीच कोटी रुग्ण असावेत, बहुतेक आशिया आणि आफ्रिकेत, असा अंदाज सांगितला गेला. सगळ्याच तज्ज्ञांना हे पटलेलं नाही, नेमकी ओळख पटवणारी एखादी तपासणी अजून हवी असं काही जण म्हणतात. ते वाद चालू राहतील.

आफ्रिकेतून आलेली बातमी

त्याच वर्षी जुलैमध्ये आफ्रिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅमेरून, युगांडा आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतले ८९४ तरुण. सगळ्यांना तिशीच्या आत मधुमेह झालेला आणि सगळ्यांवर टाइप वन असा शिक्का. त्यांचं रक्त तपासलं तेव्हा जवळपास ६५ टक्के जणांच्या रक्तात टाइप वनची जी ठरलेली खूण, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं, ती सापडलीच नाहीत! तो मधुमेह टाइप टूसारखाही नव्हता. मग तो काय आहे? संशोधक म्हणतात, वेगळा आहे, शोधावं लागेल.

याच्या उलटंही एक कोडं आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या फ्लॅटबुश भागातल्या कृष्णवर्णीय रुग्णांवरून 'फ्लॅटबुश मधुमेह' हे नाव पडलं. हे रुग्ण रक्तात आम्ल साठून अगदी टाइप वनसारखे गंभीर होऊन येतात. इन्सुलिन दिलं की सावरतात आणि काही महिन्यांनी त्यातल्या अनेकांचं इन्सुलिन डॉक्टरांना बंदही करता येतं. आफ्रिकेतही असे रुग्ण दिसतात. तिथे जवळ दवाखाना असेल आणि इन्सुलिन वेळेवर मिळालं तर जीव वाचतो, एवढाच फरक.

मी हे वाचत होते तेव्हा मनात आलं, किती लांबची माणसं आणि किती आपल्यासारखी! पुस्तकं लिहिली गेली ती बहुतेक गोऱ्या, पोटभर जेवणाऱ्या देशांतल्या रुग्णांकडे बघून. आपली माणसं त्या पुस्तकात बसली नाहीत तर पुस्तक तपासायचं सोडून माणसालाच कोंबून बसवलं गेलं. एका मापाची पोलकी शिवली आणि ज्या बाईला ती होईना तिलाच म्हटलं, तुझा बांधा चुकीचा!

पुण्याजवळची सहा गावं

हे माप बदलण्याचं मोठं काम आपल्याच महाराष्ट्रात झालंय, याचा मला अभिमान वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांचं वजन, खाणं, काम नोंदवलं. बाळं जन्मली, ती मोजली आणि पुढे वर्षानुवर्षं मोजत राहिले. या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. पण गंमत अशी की आपली बाळं मांसात आणि अवयवांत कमी असली तरी चरबीत तेवढी कमी नव्हती. बारीक दिसणारी, पण आतून चरबी धरून असणारी.

२००४ साली डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांची उंची-वजनाची गोळाबेरीज सारखी, २२.३. पण गोऱ्या डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के! काट्यावरचं वजन फसवतं, हे इतक्या सोप्या रीतीनं कुणी दाखवलं नसेल.

त्या सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. निम्म्याच्या आसपास मुलं कमी वजनाचीच होती. तरीही ३७ टक्के मुलग्यांच्या आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर असावी त्यापेक्षा वर गेलेली. ज्यांची वाढ आईच्या पोटात कमी झाली होती, त्यांच्यात इन्सुलिन बनवण्याची ताकद कमी पडताना दिसली. म्हणजे दुखणं अठराव्या वर्षी दिसलं तरी त्याचं बी पोटात असतानाच पडलेलं.

या अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी प्रत्येक सासू-सुनेनं ऐकाव्यात अशा आहेत. एक, गरोदरपणी ज्या बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त होतं त्यांची बाळं चांगली भरली. दुसरी, ज्या बायकांना गरोदरपणात जास्त कष्टाचं काम पडलं त्यांची बाळं लहान झाली. यात नवीन ते काय, असं आपली आजी म्हणेल. पण आजीचं म्हणणं आता मोजून सिद्ध झालंय.

बहात्तरचा दुष्काळ आणि आपण

मराठवाड्यात 'बहात्तर' म्हटलं की पुढे 'साल' म्हणावं लागत नाही. माझी आई सांगायची, तिची मोठी बहीण पोटुशी असताना रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, यावर घर चालायचं. त्या वर्षी जी मुलं पोटात होती ती आज पन्नाशी ओलांडलेली माणसं आहेत.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे भयंकर उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेली माणसं पन्नाशीला आली तेव्हा तपासली, तर त्यांच्यात साखर वाढण्याचं प्रमाण जास्त निघालं. युक्रेनमधल्या १९३२-३३ च्या दुष्काळाचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळ ऐन भरात असताना जी गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात होती, त्यांना पुढे टाइप टू मधुमेह होण्याची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. हा टाइप फाइव्ह नव्हे, हे खरं. पण धागा तोच आहे. पोटातल्या उपासमारीचा हिशेब शरीर विसरत नाही.

आणि आपल्याकडची उपासमार बहात्तरात संपली का? २०१२-१३ च्या दुष्काळात सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांत आपला जालना होता. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी भागातून आजही जोडप्याची जोडपी 'कोयत्यानं' जातात. कोयता म्हणजे नवरा-बायको. बायको गरोदर असली तरी अर्धा कोयता मोडत नाही, कारण उचल दोघांवर घेतलेली असते. पहाटे उठायचं, मोळ्या वाहायच्या, रात्री पालावर येऊन भाकरी थापायची, आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सगळ्या देशाच्या चहात जी साखर पडते, ती तोडणाऱ्या बाईच्या पोटातलं बाळ उपाशी. मग तेवीस वर्षांनी त्याच्या रक्तात साखर कुठून आली, हे आपण विचारतो!

तक्त्यात शून्य

आता मुद्द्याचं बोलते. टाइप फाइव्ह हे नाव बँकॉकला मिळालं म्हणून मंठ्याच्या मुलीला काय मिळालं?

आज आशाताई घरोघर जाऊन मधुमेह, रक्तदाबाचा धोका बघण्याचा तक्ता भरतात. काम चांगलं आहे, त्यामुळे कितीतरी जणांचा आजार वेळेत कळला. पण त्या तक्त्यात गुण कशाला मिळतात ते बघा. वय जास्त, कंबर मोठी, अंगमेहनत कमी, घरात कुणाला मधुमेह. आमच्या या मुलीचं वय तेवीस, कंबर मुठीत मावेल एवढी, अंगमेहनत बैलासारखी आणि घरात कुणाची साखर कधी तपासलेलीच नाही, त्यामुळे मधुमेहही 'नाही'. सगळीकडे शून्य! तिशीच्या पुढच्यांची तपासणी हा नियम, त्यामुळे ती यादीतही नाही. म्हणजे जिला धोका नाही असं तक्ता सांगतो, तीच सरीत कोसळते.

याला फार मोठा खर्च लागत नाही. बोटाला टोचून साखर बघायला एक पट्टी आणि दोन मिनिटं पुरतात. कारण नसताना वजन उतरतंय, तहान-लघवी वाढलीय, जखम भरत नाही, अंगावरून पांढरं जाऊन खाज सुटतेय, टीबीसारखं वाटतंय पण टीबी नाही, अशा कुणाचीही साखर बघा, मग ती कितीही तरुण आणि कितीही बारीक असो. ऊसतोडीला जायच्या आधी आणि परत आल्यावर गावात शिबिर घ्या. गरोदर बाईला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी करायची जी तपासणी आहे, ती प्रत्येकीची होतेय का, हे ग्रामसभेत विचारा. विचारायला आपण बायका का कचरतो?

दुसरी गोष्ट इन्सुलिनची. वाचकहो, हे वाचून कुणीही आपल्या मनानं इन्सुलिन बंद करू नका. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर ते मूल हाती लागत नाही. ज्याचं जेवण वेळेवर नाही आणि वजन कमी आहे, त्याला मोठा डोस धोक्याचा ठरू शकतो हे मात्र खरं. म्हणून डॉक्टरांना सांगा, "मी सकाळी न खाता कामावर जाते. मला किती लागेल?" गरिबाला हे सांगायची लाज वाटते. माझ्या घरी सकाळी खायला नसतं, हे कोण सांगणार? पण डोस ठरवायला डॉक्टरांना जशी रक्ताची चिठ्ठी लागते, तसं हेही कळावं लागतं. 'गोड बंद करा, भात कमी करा' हा सल्ला अशा बाईला देणं म्हणजे उपाशी माणसाला उपवास सांगणं. तिला डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे, पोटभर भाकरी लागते.

तिसरी गोष्ट आपल्याच घरातली. मुलीला साखर निघाली की आधी लग्नाची काळजी, मग लपवालपवी. सुनेला निघाली की तिला माहेरी पोचवायची भाषा. आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक बाई हळूच म्हणाली, "माझ्या पोरीला पण आहे, पण मी कुणाला बोलले नाही." त्या दिवशी आणखी दोघी बोलल्या. तीन बायका, एकाच गल्लीतल्या, आणि एकीला दुसरीचं माहीत नव्हतं.

ती मंठ्याची मुलगी आता पुन्हा उपचार घेतेय. डॉक्टरांनी डोस कमी केला, खाण्याची वेळ बांधून दिली. आमच्या गटानं ठरवलं की सकाळी कामावर जाताना तिच्या पदराला भाकरी आणि मूठभर शेंगदाणे बांधलेले असतील आणि ते कुणीतरी रोज विचारायचं. यंदा ती ऊसतोडीला गेली नाही. उचल फेडायची कशी, हा प्रश्न घरात आहेच. तो सुटला असं मी खोटं सांगणार नाही.

पण सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याजवळ आहे. परवा गेले तेव्हा त्यांना सांगितलं, "मावशी, ती साखर डब्यातून नाही आली. ती भुकेतून आली. कदाचित तिच्या आईच्या भुकेतून."

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग उठल्या, चुलीवरच्या तव्यावरची पहिली भाकरी त्यांनी काढली आणि सुनेच्या ताटात वाढली. आमच्याकडे पहिली भाकरी सुनेला वाढायची रीत नाही. ती पाडायला काय हरकत आहे?